बर्फाच्या फळ्या आणि माझी नसती उठाठेव

माझ्या हातून आजवर एकच काम बिघडलं, आणि तेही इतकं चांगलं करून बिघडलं की ते बिघडलंय हे मला पटायलाच अर्धा तास लागला. एरवी सुतारकामात मला कुणी नाव ठेवायचं नाही. ठेवलं तर मी ऐकून घेत नाही, आणि हे मस्कतजवळच्या सीबमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाईक दार उघडबंद करून बघायला लागलं की मी म्हणायचो, "बघा बघा, कुरकुर ऐकू आली तर पैसे नका देऊ." कुरकुर कधी आली नाही.

मी मस्कतला आलो तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठावर. अब्बा होड्या बांधायचे. मी त्यांच्याच हाताखाली तासणी-रंधा शिकलो, पण सीबमध्ये ज्या दुकानाच्या व्हिसावर आलो तिथं होड्यांचं काम नव्हतं, दारं, कपाटं आणि मजलीसमधली, म्हणजे बैठकीच्या खोलीतली, लाकडी जाळी एवढंच होतं. दुकानाचा मालक, आमचा अर्बाब, चांगला जाडजूड आणि हसरा ओमानी माणूस. तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजानंतर काहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणि खजुराचा डबा घेऊन यायचा, दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचा. कामात ढवळाढवळ नाही. असा मालक मिळायलाही नशीब लागतं.

एकदा अल हैलला समुद्राकडच्या अंगाला एका बंगल्यात स्वयंपाकघराची कपाटं बसवायला गेलो. तिथं राहणारा माणूस इटलीचा, पंचावन्नच्या आसपासचा, रस्ते बांधणाऱ्या कंपनीत मोजणीचं काम करणारा. उंच, काटक, मानेपर्यंत उन्हानं भाजलेला. पोट म्हणून नव्हतंच त्याला. बरीच वर्षं आखातात काढल्यामुळे तो आमच्यासारखंच बोलायचा, म्हणजे अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी आणि मध्येमध्ये अरबीची फोडणी. मला पहिल्या दिवसापासून 'सदीक' म्हणायला लागला, दोस्त.

त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर दोन लांबलचक, अरुंद फळ्या टांगलेल्या होत्या. माझ्या उंचीपेक्षा वीतभर जास्तच. एकीचं टोक छान वर वळलेलं, दुसरीचं टोक मोडून गेलेलं. मी आपला खाडीकाठचा माणूस, मी विचारलं, "साहेब, वल्ही दिसतात. होडी कुठे ठेवलीत?"

तो इतका हसला की खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "ही वल्ही नाहीत, सदीक. ही पायाला बांधून बर्फावर चालतात. मी पंधरा वर्षं तेच केलं. तीच माझी नोकरी होती."

मी म्हटलं, हां, टीव्हीवर बघितलंय, डोंगरावरून सूं करून खाली येतात ते. झालं! त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याच्या खानदानाला शिवी दिली. "ते खाली येतात," तो म्हणाला. "खाली काय, धोंडासुद्धा येतो. आम्ही वर चढतो, सपाटीवर पळतो, जंगलातून जातो, आणि मग खालीही येतो. पन्नास पन्नास किलोमीटर."

मला तो माणूस तिथंच आवडला. आपल्या कामाचा कुणी अपमान केला की ज्याच्या डोक्यात लगेच राख जाते, तो माणूस कामाचा पक्का असतो. मी स्वतः तसाच आहे.

कपाटं बसवायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत त्यानं मला आपली सगळी कहाणी सांगितली. मी भोकं पाडतोय, तो स्टुलावर बसून बोलतोय. त्याचं गाव डोंगरातल्या एका दरीत. हिवाळ्यात शाळेला जायचं ते या फळ्यांवरून, इतर मुलं जाताना रडायची आणि हा परतताना रडायचा, कारण घर जवळ आलं म्हणजे पळणं संपलं. मोठा झाल्यावर सरहद्दीच्या पहारेकऱ्यांच्या दलात लागला. त्या दलात चांगल्या पळणाऱ्यांना दुसरं कामच देत नसत. खा, झोपा आणि बर्फावर पळा. मी विचारलं, पगार? म्हणाला, पूर्ण. मी म्हटलं, साहेब, तुम्ही तो देश सोडून इथं वाळूत कशाला आलात?

तर त्याचं कारण त्या मोडलेल्या टोकात होतं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी तो देशाच्या चमूत होता. चौघांची शर्यत होती, प्रत्येकानं दहा किलोमीटर पळायचं आणि पुढच्याच्या पाठीवर थाप मारून त्याला सोडायचं. हा तिसरा. यानं निघतानाच तीन-चार जणांना मागे टाकलं आणि पदक आता हातात आलं म्हणायचं, एवढ्यात उतारावर बर्फाखालच्या मुळीत फळीचं टोक अडकून मोडलं. उरलेली वाट तो एका धड आणि एका मोडक्या फळीवर, धडपडत आला. समोर रेषेवर चौथा गडी उभा. सबंध चमूतला सगळ्यात वेगवान, याच्याच गावचा, शाळेपासूनचा जिगरी दोस्त. यानं पाठीवर थाप मारली तेव्हा बाकीचे कधीच निघून गेले होते. चौथा जीव खाऊन पळाला, पण काय होणार? संध्याकाळी तो याला एवढंच म्हणाला, "तू सावकाश उतरायला हवं होतंस." त्यानंतर बोलणं बंद.

"किती दिवस?" मी विचारलं.

"अजूनही बंद आहे."

पुढं दोन-तीन हिवाळ्यांत प्लॅस्टिकच्या फळ्या आल्या. त्या घालून पोरं अशी पळायला लागली की लाकडावरचे सगळे एका झटक्यात म्हातारे झाले. यानं कंपनीत नोकरी धरली आणि वाळवंटाची वाट धरली. लग्न नाही, काही नाही. फळ्या मात्र जिथं जाईल तिथं बरोबर.

मला खरं सांगायचं तर त्या चौथ्याचा फार राग आला. मुळात याची काय चूक? मी तसं म्हटलंही. तर हा त्याचीच बाजू घेऊन माझ्यावर उसळला. "तुला कळत नाही. त्याच्या आयुष्यातली ती एकच संधी होती." घ्या! मी आपल्या बिजागऱ्या ठोकायला लागलो.

पुढच्या मे महिन्यात एका दुपारी तो दुकानात आला, काखेत त्या दोन्ही फळ्या. डोळे असे चमकत होते की मी आधी चहाच मागवला. त्याच्या गावाहून पत्र आलं होतं. चमूतल्या पहिल्या गड्याचं. त्यांच्या दरीत दर जानेवारीला म्हाताऱ्यांची एक शर्यत होते, फक्त लाकडी फळ्यांवर, तीच चौघांची. येत्या जानेवारीत तुम्ही चौघं पळा असं गावानं ठरवलं, आणि चौथ्याला विचारलं. चौथ्यानं आठ दिवस घेतले. मग म्हणाला, पळतो, पण तेच चौघं पाहिजेत आणि फळ्याही त्याच. दुसऱ्या घेऊन आला तर मी रेषेवर उभा राहणार नाही.

"कळलं का, सदीक?" तो म्हणाला. "त्यानं मला बोलावलंय."

कळलं नसतं तर मला गाढवच म्हणायला हवं होतं. मी फळी हातात घेतली. पातळ पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली, कडेला कडक लाकूड, आत हलकं. काय सुरेख काम! मोडलेल्या टोकाला नवीन टोक जोडायचं, तिरपा सांधा घालायचा, वळण द्यायचं. तो म्हणाला, "जूनमध्ये मी सुट्टीवर जातोय, तीन आठवड्यांनी येतो. तोपर्यंत टोक जोडून ठेव. फक्त टोक."

फक्त टोक. तेव्हाच ते नीट कानात घालून घ्यायला हवं होतं.

टोकासाठी लाकूड पाहिजे होतं लवचिक आणि हलकं. सागाचा उपयोग नव्हता. मस्कतमधल्या रुवीच्या लाकूडबाजारात दोन दिवस पायपीट केली, काही जमेना. शेवटी आमच्या शेजारचा पाकिस्तानी सायकलवाला शुक्रवारी मैदानावर हॉकी खेळायचा, त्याच्याकडे मोडलेल्या दोन स्टिका होत्या. तुतीचं लाकूड, चिवट आणि वळायला राजी. ते चिरून, वाफवून, साच्यात वळवून मी असं टोक बसवलं की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकू नये. अर्बाबनं डोळे मिटून बोट फिरवलं आणि सांधा कुठाय ते त्याला सांगता आलं नाही. "माशाल्ला," म्हणाला. माझी छाती फुगली.

आणि तिथंच माती खाल्ली.

अब्बांची एक शिस्त होती. गिऱ्हाइकानं सांगितलं त्यापेक्षा एक काम जास्ती करून द्यायचं, न सांगता, फुकट. वल्हं दुरुस्त करायला आलं तर त्याची मूठही घासून गुळगुळीत करायची. माणूस घरी गेल्यावर त्याच्या ध्यानात येतं आणि तो पुन्हा आपल्याकडेच येतो. मीही आयुष्यभर तसंच केलं. तर आता या फळ्यांना जास्तीचं काय करावं म्हणून मी त्या तळ खाली करून टेबलावर ठेवल्या आणि बघतो तर काय, दोन्ही फळ्यांना बाक! दोन्ही टोकं टेबलाला टेकलेली आणि मधला भाग उचललेला, खालून दोन बोटं जातील एवढा. मी चुकचुकलो. इतकी वर्षं भिंतीवर टांगून, एसीत आणि उकाड्यात, लाकूड बिचारं कमानलं होतं. वर म्हाताऱ्याला कळलंसुद्धा नव्हतं.

मग मी कामाला लागलो. गोणपाटं भिजवली, फळ्यांभोवती गुंडाळली, वरून सरळ सागाच्या फळ्या ठेवून शिकंजे आवळले, त्यावर सिमेंटची पोती. दोन आठवडे रोज थोडं थोडं आवळत गेलो. काढल्या तेव्हा दोन्ही अगदी आरशासारख्या सपाट. टेबलावर ठेवल्या तर खालून विडीचा कागद जाईना. मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या दिवशी मी शेजारच्या हॉटेलात सगळ्यांना पराठे खिलवले.

तो सुट्टीवरून आला तो विमानतळावरून थेट दुकानात. आधी टोक बघितलं. हात फिरवला, वास घेतला, माझा हात धरून दोनदा हलवला. "वाजिद झेन," म्हणाला, फार छान. मी म्हटलं, अजून बघा, अजून काय केलंय ते बघा.

त्यानं दोन्ही फळ्या उचलून तळाला तळ लावला, आपण हात जोडावेत तसा. आणि उजेडाकडे धरल्या. मध्ये फट नव्हती. त्यानं परत धरल्या. मग त्या हळूच टेबलावर ठेवल्या आणि तिथंच भुशात खाली बसला.

"काय झालं?" मी म्हटलं. "सरळ केल्या. बाक आला होता. पैसे नकोत त्याचे."

त्यानं डोक्याला हात लावला. मला रागच आला. दोन आठवडे मरमर करायची, फुकट, आणि वर हा मुतखडा झाल्यासारखं तोंड करून बसणार! मी तोंडाला येईल ते बोललो. तुम्हाला काय कळतं लाकडातलं, आमच्या तीन पिढ्या यात गेल्या, वाकडी फळी काय भिंतीलाच शोभते. अर्बाब दारातून "बस, बस" करत होता, पण मी थांबतोय कुठला.

तो थांबला माझं संपेपर्यंत. मग उठला, अर्बाबच्या मांडीवरचं वर्तमानपत्र मागून घेतलं, एक पान फाडलं. दुकानातली एक लवलवती पट्टी घेतली, दोन टोकांखाली चिपा ठेवल्या आणि मधल्या पोकळीत कागद सरकवला. एक पाय पट्टीवर, एक जमिनीवर, दोन्हींवर सारखा भार देऊन तो उभा राहिला. "ओढ कागद." ओढला, सळकन आला. मग परत सरकवला आणि सगळा भार त्या एका पायावर घेतला. "आता ओढ." कागद हलेना, फाटला.

"मधल्या भागाला आम्ही चिकट मेण लावतो," तो म्हणाला. "पुढं ढकलायचं तेव्हा एका पायावर भार द्यायचा, मग बाक दबतो, मेण बर्फाला धरतं आणि ढकलता येतं. घसरायचं तेव्हा भार दोन्ही पायांवर, बाक उचलतो, मेण सुटतं. तो बाक म्हणजेच फळी, सदीक. बाकी सगळं नुसतं लाकूड."

अर्धा तास गेला असेल. मी दोन-तीनदा वाद घालून बघितला. मग माझ्या हातातला कागदाचा तुकडा बघितला आणि मला पटलं. त्या माणसाला पंचवीस वर्षांनी दोस्तानं हाक मारली होती, आणि मी त्याची वाट सिमेंटच्या पोत्यांखाली दाबून टाकली होती, तीही फुकटात. मला भयंकर लाज वाटली. इतकी की मी माफीही नीट मागू शकलो नाही. एवढंच म्हटलं, "जानेवारीच्या आत बाक परत आणतो. नाही आणला तर मी सुतारकामाचं हत्यार पुन्हा हातात धरणार नाही."

तो म्हणाला, "इन्शाल्ला." पण ते तो असं म्हणाला, जसं इथले ऑफिसवाले म्हणतात, काम होणार नाही हे ठाऊक असताना.

आता करायचं काय? वाफ जास्त दिली तर पट्ट्यांमधला जुना सरस सुटणार, फळीची पानं पानं होणार. कमी दिली तर लाकूड ऐकणार नाही. शुक्रवारी मी गावी फोन लावला. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता, समोरच्या वाण्याकडे करायचा आणि अब्बांना बोलावून आणायचं. अब्बांना कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे माझी सगळी चूक मला सीबच्या फोन बूथमधून ओरडून सांगावी लागली. बाहेर रांगेत उभे असलेले चार मल्याळी आणि दोन रत्नागिरीवाले मन लावून ऐकत होते.

अब्बा सगळं ऐकून म्हणाले, "पन तुला सरळ करायला सांगितलं कुनी?"

"तुमीच शिकवलंत ना, एक काम जास्ती करून द्यायचं!" मी ओरडलो.

"अरे, पन ते मालकाला इचारून करायचं असतं. ते सांगायचं ऱ्हायलंच वाटतं." आणि हसायला लागले. वाणीही हसत होता, मला ऐकू येत होतं. रांगेतलेही हसले. मलाही मग हसू आवरेना. हसणं ओसरल्यावर अब्बांनी तोड सांगितली. आग नको, वाफही नको. नुसती कोवळी ओल आणि ऊन. मध्ये ठोकळा घालून बांध आणि रोज केसभर वाढव. आणि हात लावण्याआधी त्याला विचार, त्याच्या गावात काय करायचे.

विचारलं. तर काय, त्यांच्या गावातही उन्हाळा लागला की फळ्या तळाला तळ लावून, दोन्ही टोकं बांधून, मध्ये लाकडाचा ठोकळा घालून माळ्यावर ठेवायचे, बाक टिकावा म्हणून. म्हणजे अब्बा आणि ते डोंगरातले लोक एकच बोलत होते. माझ्या अंगात दहा रेड्यांचं बळ आलं.

जुलै आणि ऑगस्ट. ओमानमधला उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. दुपारी एक ते चार सगळी दुकानं बंद, माणसं एसीखाली आडवी. मी मात्र दुकानाच्या पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर. तिथं फळ्या बांधलेल्या, मध्ये ठोकळा, वरून दमट गोणपाट. दर अर्ध्या तासानं गोणपाटावर पाणी शिंपडायचं, नाहीतर लाकूड तडकणार. दर दोन दिवसांनी ठोकळ्याखाली पत्त्याएवढी जाड चीप वाढवायची. मी अक्षरशः भाजून निघालो. अर्बाब खालून हाका मारायचा, "मजनून, खाली ये, मरशील!" मी काय वेडा नव्हतो, मला नुसतं माझं काम माघारी घ्यायचं होतं. नंतर नंतर तोच लबाननं, म्हणजे ताकानं, भरलेला जग शिडीवर ठेवून जायला लागला. इटलीवाला दर गुरुवारी यायचा, शिडी चढायचा आणि माझ्याबरोबर घाम गाळत बसायचा.

पहिल्यांदा सोडल्या तेव्हा निम्मा बाक आला आणि रात्रीतून परत उलटला. मी शिव्या घातल्या, पुन्हा बांधल्या. दुसऱ्यांदा एक फळी जमली, दुसरी रुसली. ऑक्टोबर उजाडला तेव्हा दोन्ही टिकल्या. आठवडाभर मोकळ्या ठेवल्या, रोज बघितलं, बाक जागच्या जागी.

मग कागदाची परीक्षा. बाक त्याच्या वजनाला जुळायला हवा होता. आधी मी उभा राहिलो, मी जरा भरलेला, माझ्याखाली कागद दोन्ही पायांवर असतानाच अडकला. अर्बाब म्हणाला, मीही बघतो. अंगातला पायघोळ दिशदाशा गुडघ्यापर्यंत धरून तो महापुरुष फळ्यांवर चढला आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. "अर्बाब, उतरा, हात जोडतो!" उतरता उतरत नव्हता. शेवटी इटलीवाला चढला. दोन पायांवर उभा राहिला, मी कागद ओढला. सळकन आला. एका पायावर उभा राहिला. ओढला. फाटला!

मी नाचलो. खरंच नाचलो, चाळिशीचा माणूस.

त्याचं तेवढ्यानं समाधान होईना. त्याला पळून बघायचं होतं, आणि बर्फ तर सोडा, थंडीसुद्धा नव्हती. तेव्हा मीच डोकं चालवलं. दुकानामागं भुशाची पोती साठलेली. शुक्रवारी सकाळी, गल्ली सामसूम असताना, आम्ही तिघांनी मिळून या टोकापासून त्या टोकापर्यंत भुसा पसरला, वीतभर जाड. नमाजाला निघालेले लोक थांबले. सायकलवाला थांबला. कुणीतरी म्हणालं, लग्न आहे काय? आणि मग इटलीवाला हाफ चड्डीवर, हातात दोन काठ्या घेऊन, त्या भुशावर उभा राहिला आणि निघाला.

तोपर्यंत मी त्याला फक्त चालताना बघितलं होतं. हा माणूस वेगळाच होता. एक पाय लांब मागे, एक पुढे, अंग नुसतं वाहत जातंय, जराही धक्का नाही. मला ओहोटीच्या पाण्यावरून जाणारी होडी आठवली. चाळीस-पन्नास पावलांची गल्ली, दोन श्वासांत संपली. वळला, परत आला, पुन्हा गेला. लोकांनी टाळ्या पिटल्या. अर्बाब ओरडत होता, "यल्ला! यल्ला!" इटलीवाल्याच्या पापण्यांवर भुसा बसला होता आणि तो लहान पोरासारखा हसत होता. नंतर नगरपालिकेच्या माणसानं आम्हाला भुशावरून झापलं आणि आम्ही तिघांनी तो निमूटपणे झाडून काढला.

निघायच्या आधी त्यानं तळाला त्यांच्याकडच्या देवदाराचं काळं तेल चोपडलं. सगळं दुकान त्या वासानं भरलं, अब्बा होडीला राळ लावायचे तेव्हा यायचा तसाच वास. डिसेंबरच्या शेवटी तो फळ्या कापडात गुंडाळून विमानानं गेला. दारातून निघताना मी विचारलं, आणखी काही करून देऊ? तो म्हणाला, "नको! हात लावू नकोस!"

जानेवारी मी कसा काढला ते माझं मला माहीत. कपाटाचं माप चुकता चुकता राहिलो, एका दाराला बिजागऱ्या उलट्या बसवणार होतो. अर्बाब रोज विचारायचा, बातमी? बातमी कुठली. मला एकच घोर. सांधा टिकला असेल ना, बाक उलटला नसेल ना, आणि तो चौथा बाबा रेषेवर उभा राहिला असेल ना?

फेब्रुवारीत तो आला. दुकानाच्या दारात अर्बाब आणि मी दोघंही एकदम उभे राहिलो. त्यानं आधी फळ्या टेबलावर ठेवल्या. टोक शाबूत. बाक शाबूत. माझा जीव भांड्यात पडला.

"सांगा ना आता!" मी खेकसलो.

मग त्यानं सांगितलं. अकरा चमू होते, सगळे पांढऱ्या केसांचे. पहिले दोघं बरे पळाले, मधोमध होते. हा निघाला आणि याच्या पायाखाली त्या फळ्या अशा धरायच्या आणि अशा सुटायच्या, की एकेक म्हातारा मागे पडत गेला. तोच उतार आला, तसाच. पण हा याही वेळी सावकाश उतरला नाही. खाली आला तेव्हा पुढं कुणीच नव्हतं. समोर रेषा, आणि रेषेवर चौथा, पुढं वाकून, पाठ करून उभा. यानं पूर्ण जोरानं येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली.

"आणि?" अर्बाब म्हणाला.

"तो निघालाच नाही."

"म्हणजे?"

"वळला. माझ्या पायांकडे बघितलं, दोन्ही फळ्यांकडे. मग माझ्या तोंडाकडे. आणि मला मिठी मारून रडायला लागला, हुंदके देऊन. मीही. लोक ओरडत होते, पळ, पळ म्हणून. आमच्या बाजूनं एकेक चमू निघून चालला होता, आम्हाला दिसत होतं, पण सोडवत नव्हतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. दोन महिने पत्र्याखाली भाजलो मी, आणि ह्या दोघांनी शर्यत सोडून गळ्यात गळे घातले! "मग कितवे आलात?" मी विचारलं.

"अकरावे," तो म्हणाला, आणि मी आयुष्यात इतका खूश झालेला माणूस पुन्हा पाहिला नाही.